युरोपची तयारी, जुन्नरची सहल

मंडळी, एप्रिल-मे आला की आमच्या नात्यातलं एखादं तरी कुटुंब युरोपला निघतं. त्यांची तयारी बघण्यासारखी असते. शेंगेन व्हिसाचे कागद, प्रवासाचा विमा, पासपोर्टच्या झेरॉक्स दोन वेगवेगळ्या बॅगांत, पोटाला बांधायचं पैशाचं पाकीट. बूट महिनाभर आधी घेऊन सोसायटीत फेऱ्या मारून पायाला बसवलेले. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं हे कुणीतरी पाठ करून ठेवलेलं असतं. व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात म्हणून बॅगेत ओढणी असते. कोलोसियमची तिकिटं दोन महिने आधी काढलेली असतात. चांगलं आहे. पैसे खर्च करून जायचं तर असंच जावं.

हीच मंडळी आमच्याकडे जुन्नरला कशी येतात? सकाळी दहाला पुण्यातून निघतात, चाकणच्या गर्दीत तासभर अडकतात, बाराच्या उन्हात लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात, पायात चपला, पाचजणांत पाण्याची एक बाटली. मग ओझर, मग जमलं तर शिवनेरी लांबून, आणि रात्री घरी. दुसऱ्या दिवशी फोन केला की उत्तर ठरलेलं, "केलं गं सगळं!"

जन्मभर शाळेत मराठी शिकवलं म्हणून असेल, पण हे 'करणं' माझ्या कानाला खटकतं. अष्टविनायक 'केले', युरोप 'केला', शिवनेरी 'करून टाकला'. जणू भांडी घासून टाकली! आम्ही दोघं एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो, तेव्हाही बसमध्ये हेच चालायचं. बारा दिवस, सहा देश, आणि दिवसातून तीन-चार 'फोटो स्टॉप'. पण एक कबूल करायला हवं. कोलोसियममध्ये गाईड तासभर बोलत होती आणि आमच्या बसमधले सगळे कानाला यंत्र लावून मुकाट ऐकत होते. त्यातल्या निम्म्या लोकांनी लेण्याद्रीला गणपतीच्या शेजारचं लेणं कधी पाहिलेलं नव्हतं. मी बसमध्ये विचारून खात्री करून घेतली होती. :)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो गेली चौदा वर्षं जर्मनीत आहे. येत्या नाताळच्या सुट्टीत बायको-मुलांना घेऊन येतो आहे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. परवा फोनवर म्हणाला, "आत्या, गावाकडे दोन दिवस ठेवलेत. लेण्याद्री, शिवनेरी करून टाकू. आणखी काय बघण्यासारखं आहे?"

आमचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. सासर जुन्नर. दादा असेपर्यंत भाचा दर खेपेला गावी यायचा, कारण वडील गावी होते. दादा गेला, घराला कुलूप लागलं, शेत वाट्याने दिलं. आता त्याच्या मुलांना इथे यायचं कारण काय? नातेवाईक पुण्यातच भेटतात. त्यामुळे "बघण्यासारखं काय आहे" हा त्याचा प्रश्न ऐकून पहिल्यांदा जरा वाईट वाटलं. आपल्याच गावी पर्यटक म्हणून यायचं! रात्री पडल्यापडल्या विचार केला आणि वाटलं, का नाही? त्याने पर्यटक म्हणूनच यावं, पण युरोपात असतो तसा. तयारीने, वाचून, सकाळी लवकर, पायात बूट घालून.

तर त्याच्यासाठी केलेली ही यादी. इतर भाचे-पुतणे आणि ब्लॉगवरची मित्रमंडळीही विचारत असतात, म्हणून इथेच टाकते.

१. दिवस कुठला निवडायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर हवाच. उन्हाळ्यात यायचं तर सकाळी दहाच्या आत डोंगर उतरलेला असावा. पावसाळ्यात नाणेघाटाचा नजारा वेगळाच, वाऱ्याने धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं. पण ते पाहायला शनिवार-रविवारी एवढी गर्दी लोटते की गाड्यांच्या रांगेतच दिवस जातो. शिवाय धुकं आणि निसरडं. पावसाळ्यात धोक्याच्या जागी जायला प्रशासन बंदीही घालतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. पाऊस बघायचा असेल तर मधल्या वारी या, आणि कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढू नका.

लूव्रचा मंगळवार लक्षात ठेवता तसे आमचेही दिवस लक्षात ठेवा. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंतीचा सोहळा असतो. तो अनुभवायला अवश्य या, पण त्या दिवशी किल्ला बघायला मिळेल अशी अपेक्षा धरू नका. संकष्टीला, आणि अंगारकीला तर फारच, ओझर-लेण्याद्रीला रांगा लागतात. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरची तीच गत.

२. मुक्काम करा

पुण्यापासून जुन्नर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. अंतर फार नाही, पण चाकणच्या पट्ट्यात किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. पहाटे सहाच्या आत पुणे सोडा, नाहीतर आदल्या संध्याकाळीच येऊन रहा. रोममध्ये सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं कुणी ठरवत नाही, मग इथेच का? २०१८ साली सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तेव्हापासून राहायच्या सोयी वाढल्या आहेत, शेतावर राहायची सोय करणारी कुटुंबंही आहेत. भाच्याला मी सांगितलं, दोनाचे तीन दिवस कर. आणि दादाचं घर उघड. झाडून घ्यायची व्यवस्था मी करते.

३. काय सोडायचं ते आधी ठरवा

जुन्नरच्या भोवती किल्ले आहेत शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी. लेणी तर डोंगरा-डोंगरात: लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या अंगालाही. शिवाय शहराबाहेर हापूसबागेतला सौदागर घुमट, पुरचं कुकडेश्वराचं जुनं देऊळ. हे सगळं तीन दिवसांत बघायला निघालात तर एकही दिसणार नाही. अर्ध्या दिवसाला एक डोंगर, असा माझा हिशोब. भाच्याला दिलेला आराखडा असा:

पहिला दिवस: सकाळी शिवनेरी. दुपारी जेवून चक्क झोप. चारच्या सुमारास तुळजा लेणी.
दुसरा दिवस: सकाळी नाणेघाट, येताना कुकडेश्वर. चावंड रस्त्यावरूनच बघायचा.
तिसरा दिवस: सकाळी आठच्या आत लेण्याद्री. मग घोडेगाव, डिंभे आणि आपलं गाव.

ओझर? ओझरला दर्शनाला जरूर जा, पण ते देवदर्शन म्हणून धरा. यादीत घुसडू नका.

४. जाण्याआधी वाचा

ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. युरोपात प्रत्येक दगडाशेजारी पाटी असते. आपल्याकडे पाटी असेलच असं नाही, असली तर वाचता येईलच असंही नाही. म्हणून घरून वाचून यायचं, आणि जमलं तर स्थानिक माहीतगार बरोबर घ्यायचा. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यायचे. कोलोसियममध्ये घासाघीस केली होती का?

नाणेघाटाचंच बघा. जुन्नरहून तीस-पस्तीस किलोमीटर. कोकणातून देशावर यायची ही जुनी व्यापारी वाट. कल्याणच्या बाजूने माल यायचा आणि घाट चढून जुन्नरला पोचायचा. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत, असं सांगतात. बहुतेक लोक रांजणाशी फोटो काढतात, कड्यावर वारा खातात आणि परततात. जरा खाली उतरलं की लेणं आहे. त्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत लांबलचक लेख कोरलेला आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती नाणी दिली, सगळा हिशोब त्यात आहे. भारतातल्या अगदी जुन्या कोरीव आकड्यांपैकी काही आकडे इथे आहेत. मागच्या भिंतीशी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या, आणि वर त्यांची नावं राहिली. त्यातल्या एका नावाआधी 'महारठी' हा शब्द आहे. हे माहीत असलं तर त्या अंधाऱ्या भिंतीपुढे तुम्ही अर्धा तास उभे राहाल. माहीत नसलं तर दोन मिनिटंसुद्धा नाही.

आता भाच्याच्या मुलांसाठी खास. जुन्नरच्या लेण्यांमधल्या लेखांत तीन 'यवन' दात्यांची नावं आहेत: इरिल, चिट आणि चंद. यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेली माणसं. इरिलाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याचं दर्शनी काम करून दिलं. ही माणसं थेट ग्रीसची की इथेच वसलेली, यावर विद्वानांमध्ये वाद आहेत. पण दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेचं नाव लावणारी माणसं जुन्नरच्या डोंगरात पाण्याची सोय करत होती एवढं दगडावर लिहिलेलं आहे. जर्मनीत वाढणाऱ्या मुलांना यापेक्षा जवळची गोष्ट कुठली सांगू?

५. लेण्याद्री: गणपतीच्या शेजारी

जुन्नरपासून पाच-सहा किलोमीटर. पायऱ्या तीनशेच्या आसपास, काही उंच आहेत. गुडघ्यांची तक्रार असेल तर डोली मिळते, लाज वाटून घेऊ नका. मी आता डोलीच घेते. वाटेत माकडं फार. हातात प्रसादाची पिशवी दिसली की ती तुमची राहत नाही.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. परदेशी पासपोर्टवाल्यांना दर जास्त असतो, पण ओसीआय कार्ड असलेल्यांना २०२१ पासून स्मारकांच्या प्रवेशासाठी भारतीयांचाच दर आहे. तेव्हा मुलांची कार्डं बरोबर ठेवा, पुण्यात कपाटात नकोत.

वर साधारण तीस लेणी आहेत. गिरिजात्मज आहे ते सातवं. दर्शन झालं की लोक वळतात. वळू नका, आधी त्या दालनाकडे बघा. मोठं थोरलं दालन आणि आत एकही खांब नाही! तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आहेत. मूळचा हा बौद्ध विहार. शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह, खांबांच्या रांगा, पलीकडे स्तूप. तिथला लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं. कल्याणचा माणूस नाणेघाट चढून येतो आणि जुन्नरला चैत्य कोरून देतो. घाटाचा आणि लेण्यांचा संबंध इथे एका ओळीत कळतो. म्हणून नाणेघाट आधी आणि लेण्याद्री नंतर, असा क्रम लावला आहे.

तुळजा लेणी त्यामानाने सुनी असतात. तिथला चैत्य गोल आहे, बारा खांबांचं कडं आणि वर घुमटासारखं छत. रोमच्या पँथिऑनच्या घुमटाखाली आम्ही माना वर करून उभे होतो. तो घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. तुळजाचा चैत्य त्याच्याही आधीचा मानतात. आकाराची बरोबरी अर्थातच नाही. पण तिथे बसायला जागा आहे आणि मागून कुणी ढकलत नाही.

६. शिवनेरी

शिवाजी महाराजांचा जन्म इथला, १९ फेब्रुवारी १६३०. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लोक थेट जन्मस्थानाकडे धावतात. माझी सूचना अशी की पायऱ्यांच्या वाटेने हळू चढा आणि मुलांना दरवाजे मोजायला लावा. सात आहेत. प्रत्येक दरवाजाशी थांबून मागे बघायचं आणि शत्रूला इथे कसं अडवलं असेल ते मुलांनाच सांगायला लावायचं. माझ्या शाळेतली मुलं या खेळात रमून जायची. वाटेत शिवाई देवीचं देऊळ, वर अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, आणि टोकाला कडेलोट. वरून लेण्याद्रीचा डोंगर आणि धरणांचं पाणी दिसतं. साखळीच्या वाटेने जायचा हट्ट तरुणांनी माहीतगार सोबत असल्याशिवाय करू नये.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली. तिथे मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात शिवनेरी आहे. कोलोसियमच्या पंगतीत आपला किल्ला जाऊन बसला. आता गर्दी वाढेल, पाट्या येतील, सोयी होतील. आपणही त्या पंगतीला शोभेलसं वागलं की झालं.

७. बारीकसारीक पण गरजेचं

बूट बांधायचे असावेत. चपला आणि उंच टाचा नकोत.

प्रत्येकाची स्वतंत्र पाण्याची बाटली. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, आपल्या डोंगरावर नाहीत. कोरीव टाक्यातलं पाणी निवळ दिसलं तरी पिऊ नका.

बायकांसाठी: स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे. नारायणगावच्या आसपास हमरस्त्यावर चांगलं हॉटेल बघून उरकून घ्या. नाणेघाटाच्या बाजूला फार भरवसा ठेवू नका.

पश्चिम पट्ट्यात मोबाइलची रेंज जाते. फोनवरच्या नकाशावर विसंबू नका, गावात विचारा. रोख पैसे, त्यातही सुट्टे, जवळ ठेवा.

लेण्यांमध्ये आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा तर नकोच. मोहोळ दिसलं तर ते लेणं सोडून द्या.

जुन्नर-आंबेगावात उसाचं रान आहे आणि उसात बिबट्या आहे. ही गंमत नाही, इथली माणसं रोज त्या भीतीत राहतात. अंधार पडायच्या आत मुक्कामी या. मुलांना शेताच्या बांधावर एकटं सोडू नका. बिबट्या 'बघायला' रात्री गाडी घेऊन हिंडणं हा मूर्खपणा आहे.

मुलांना विज्ञानाची आवड असेल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, काही खोडदच्या माळावर जवळजवळ, बाकीच्या दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी उभी केलेली. बघायला आधी परवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं.

८. जेवण

युरोपात आम्ही ठेपले आणि मेतकूट नेलं होतं, आणि ते संपेपर्यंत तिथलं काही चाखलं नव्हतं. तुम्ही इथे पिझ्झा शोधू नका. मासवडी आमच्या भागाची खासियत, बाजरीची भाकरी आणि झणझणीत रस्सा. नावात मासा असला तरी ती शाकाहारी आहे, परदेशातून आलेल्या सुनांनी घाबरू नये. नाणेघाटाच्या वाटेवरच्या आदिवासी गावांत आदल्या दिवशी सांगितलं तर घरचं जेवण मिळू शकतं. चुलीवरचं आहे, वेळ लागेल. तेवढ्यात घरातल्या बाईशी बोला, हिरड्याचं विचारा. हिरडा गोळा करून विकणं हा तिथला मोठा आधार आहे. आणि पैसे देताना "एवढ्याशा भाकरीचे इतके?" म्हणू नका. पॅरिसला कॉफीचे किती दिले होते ते आठवा.

९. भिंतीवर नाव

हे लिहिताना राग येतो, तरी लिहिते. इरिल, चिट, सुलसदत्त यांची नावं दगडावर आहेत, कारण त्यांनी काहीतरी दिलं. त्याच दगडावर आज खडूने, खिळ्याने, रंगाने नावं लिहिणारे काय देऊन जातात? संरक्षित स्मारकाला इजा करणं हा गुन्हा आहे. २०१० सालच्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, मुलं अक्षरं वाचायला शिकली की ती खरवडत नाहीत, असा माझा शाळेतला अनुभव आहे. लेण्याद्रीच्या सहलीआधी मी वर्गात फळ्यावर ब्राह्मीतली पाच-सहा अक्षरं काढून दाखवायचे. वर गेल्यावर मुलं भिंतीवर ती शोधत बसायची. "बाई, 'य' सापडला!" असं ओरडणारी मुलं खिशातून खडू काढत नाहीत.

१०. आंबेगाव: जे दिसत नाही ते

तिसऱ्या दिवसासाठी हे राखून ठेवलं आहे. आंबेगाव तालुक्यात येऊन "आंबेगाव कुठे आहे?" असं विचारलंत तर उत्तर मिळेल, पाण्यात. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडालं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. हिवाळ्यात नुसतं निळं पाणी दिसेल, फार सुंदर. मुलांना सांगायचं की या सुंदर पाण्याखाली माणसांची घरं होती आणि या पाण्यावर खालच्या गावांचे मळे पिकले. दोन्ही सांगायचं, एक सांगून भागत नाही.

पुढे माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि जवळजवळ सगळं गाव गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. नेहमीच्या एसटीच्या चालकाला जागेवर गावच दिसेना, त्याने ती खबर बाहेर दिली. पुढे वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच नवं गाव वसवलं. तिथे स्मारक आहे. जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. गेलात तर गाडीतली गाणी बंद करा, पाच मिनिटं उभे रहा, सेल्फी काढू नका. जर्मनीतल्या शाळा मुलांना छळछावण्या दाखवायला नेतात आणि तिथे कसं वागायचं ते आधी वर्गात शिकवतात, असं भाचाच मला सांगत होता. त्याला हे वेगळं समजवायला नको.

वेळ उरला तर भीमाशंकर. रस्ता डिंभ्यावरून अभयारण्यातून जातो. झाडांवर शेकरू दिसण्याचा संभव असतो, ही आपल्या राज्याची मोठी खार. देवळाच्या आवारात एक मोठी घंटा आहे, आपल्या देवळातल्या घंटांसारखी नाही, चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, त्यातली ही एक, असं सांगतात. युरोपातली घंटा सह्याद्रीच्या जंगलात महादेवापुढे येऊन राहिली आहे!

११. शेवटची सूचना

युरोपहून परतताना सगळे फ्रिजला चिकटवायचे चुंबक आणतात. इथे तसलं काही मिळेल न मिळेल. मुलांना एकेक वही द्या. रोज एकच गोष्ट त्यात लिहायची किंवा काढायची, दरवाजा, अक्षर, भाकरी, काहीही. फोटो हजार निघतात आणि कुणी बघत नाही, वहीतली तीन पानं राहतात.

भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं तर हसला. म्हणाला, "आत्या, ही तर अभ्यासाची यादी झाली. आणि आम्ही काय परके आहोत का, गाईड घ्यायला?"

मी म्हटलं, परके नाही. पण गावचे असून तुझ्या वडिलांनी नाणेघाटाचा लेख कधी पाहिला नव्हता, माझ्या सासूबाईंनी शिवनेरीवर पाय ठेवला नव्हता. उशाला किल्ला असून! त्यांना शेतीतून, चुलीतून सवड नव्हती, त्यांचं इथे असणंच पुरेसं होतं. तुझ्या मुलांचं तसं नाही. गाव त्यांना आपोआप मिळणार नाही. त्यांना ते बघूनच मिळवावं लागेल. आणि बघायचं तर नीट बघावं. जन्माने गावचा आणि कधी वर न चढलेला, त्यापेक्षा पाहुणा येऊन तीन दिवस नीट बघून गेलेला मला जास्त जवळचा वाटतो. निदान तो पुन्हा येतो.

यावर तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा फोन आला. मोडक्यातोडक्या मराठीत तिने विचारलं, "आजी, ते ब्राह्मी लेटर्स तू मला आधी पाठवशील का?"

पाठवली. फळ्याऐवजी कागदावर काढून, फोटो काढून. आठ अक्षरं आहेत. तुमच्यापैकी कुणाला हवी असतील तर सांगा, तुम्हालाही पाठवते.

तूर्त इतकंच. थंडीत या, बूट घालून या.